औषध दिल्यानंतर शरीरात काय होतं: वॉर्डात उपयोगी पडणारं फार्माकोकायनेटिक्स

चार्टवर डोस डॉक्टर लिहितात. पण त्यातला किती रुग्णाच्या रक्तात पोहोचणार, हे बऱ्याचदा सिस्टरच्या हातात ठरतं. गोळी चहाबरोबर दिली की पाण्याबरोबर, अख्खी दिली की कुटून, इंजेक्शन दोन मिनिटांत ढकललं की अर्धा तास सोडलं, या प्रत्येक गोष्टीने रक्तातली पातळी बदलते. परीक्षेत आपण शोषण, वितरण, चयापचय आणि उत्सर्जन असे चार मुद्दे लिहितो. वॉर्डात तेच मुद्दे प्रश्न होऊन समोर येतात: हे औषध आत कसं शिरणार, कुठे पसरणार, कोण मोडणार आणि कुठून बाहेर पडणार? ट्रॉली घेऊन बेडजवळ जाण्याआधी निदान नव्या औषधाबाबत तरी ही चार उत्तरं माहीत हवीत.

तोंडातून दिलेली गोळी

गोळी जठरात विरघळू लागते, पण रक्तात शिरण्याचं मुख्य काम लहान आतड्यात होतं. त्यामुळे जठर रिकामं व्हायला उशीर झाला की औषधाचा परिणामही उशिरा दिसतो. पोट भरलेलं असताना, तीव्र वेदनेत, मॉर्फिन चालू असताना किंवा बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात हे नेहमी होतं. गोळी घेतल्यावर रुग्णाला उलटी झाली, तर किती मिनिटांनी झाली आणि उलटीत गोळी दिसली का, हे दोन्ही लिहा आणि डॉक्टरांना कळवा. आपणहून दुसरी गोळी देऊ नका. पहिली किती शोषली गेली ते वरून दिसत नाही.

आतड्यातून निघालेलं रक्त थेट हृदयाकडे जात नाही, आधी यकृतात जातं. काही औषधांचा मोठा भाग तिथे पहिल्याच फेरीत मोडला जातो. यालाच फर्स्ट पास म्हणतात. मॉर्फिन तोंडातून दिलं तर साधारण एक तृतीयांश किंवा त्याहून कमीच रक्ताभिसरणात पोहोचतं. म्हणून शिरेतून १० मिग्रॅ आणि तोंडातून १० मिग्रॅ हे सारखे डोस नव्हेत. ऑर्डरमध्ये मार्ग बदलला आणि आकडा तोच राहिला, तर देण्याआधी विचारून घ्या.

सॉर्बिट्रेट (हृदयविकाराच्या छातीदुखीची गोळी) जिभेखाली ठेवायला सांगतात, तेही याच कारणाने. जिभेखालच्या शिरांतून ते यकृताला वळसा घालून रक्तात जातं. रुग्णाचं तोंड कोरडं असेल तर आधी घोटभर पाणी द्या, नाहीतर गोळी विरघळतच नाही. गोळी गिळू नका, चघळू नका, हे स्पष्ट सांगा. आणि रुग्णाला बसवून किंवा झोपवूनच द्या, कारण काही मिनिटांत रक्तदाब उतरतो.

जेवणाशी आणि इतर गोळ्यांशी होणारे घोळ वॉर्डात सगळ्यात जास्त आढळतात आणि टाळायला सगळ्यात सोपे असतात. थायरॉक्सिन सकाळी उपाशी पोटी, नुसत्या पाण्याबरोबर द्यायचं. त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी किमान चार तासांनी. सहाच्या फेरीत थायरॉक्सिन, पँटोप्राझोल आणि कॅल्शियम एकाच वाटीत ठेवून दिलं, तर टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) का उतरत नाही हे कोणालाच कळत नाही आणि डोस उगाच वाढत जातो.

सिप्रोफ्लॉक्सासिन आणि डॉक्सिसायक्लिन ही दोन्ही कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम आणि अॅल्युमिनियम यांना चिकटून बसतात आणि तसंच शौचावाटे निघून जातात. सिप्रोफ्लॉक्सासिन अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर द्यावं, असा हिशेब ठेवा.

गरोदर बाईला उपकेंद्रात लोह-फॉलिक अॅसिडची आणि कॅल्शियमची, दोन्ही गोळ्या मिळतात. दोन्ही एकदम घेतल्या की लोह नीट शोषलं जात नाही. दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर हवं. कॅल्शियम जेवणासोबत, लोह दोन जेवणांच्या मधे, आणि लोहाच्या आगेमागे चहा नको. गोळ्या हातात ठेवतानाच वेळा ठरवून द्या. "दिवसातून एक ही, दोन त्या" एवढंच सांगितलं तर ती सगळ्या रात्री जेवणानंतर एकदमच घेणार.

कुटायची कुठली, कुटायची नाही कुठली

नावापुढे एसआर, एक्सएल, ईआर, सीआर किंवा रिटार्ड लिहिलेलं असेल तर गोळी कुटायची नाही. तिच्यात बारा किंवा चोवीस तासांचं औषध भरलेलं असतं. निफेडिपिन रिटार्ड कुटलं की ते सगळं एकदम सुटतं आणि रक्तदाब कोसळतो. आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाच्या गोळ्यांचं कारण वेगळं आहे. पँटोप्राझोलचं आवरण फोडलं की जठरातल्या आम्लातच औषध नष्ट होतं. म्हणजे रुग्णाला काहीच मिळालं नाही, आणि चार्टवर मात्र दिल्याची सही आहे.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. हार्ट अटॅकच्या रुग्णाला अॅस्पिरिनचा पहिला डोस मुद्दाम चावून खायला लावतात. आवरणाची गोळी अख्खी गिळली तर शोषणाला तास लागतात, आणि त्या वेळी मिनिटं मोजायची असतात.

राइल्स ट्यूबमधून (नाकातून जठरात घातलेल्या नळीतून) औषध देताना हा क्रम ठेवा:

१. ट्यूब जागेवर आहे याची खात्री करा. टोक जठरात आहे की जेजुनममध्ये (लहान आतड्याच्या मधल्या भागात), हे नोंदीत पाहा. सुक्रालफेट जठर आणि ड्युओडेनम (लहान आतड्याचा पहिला भाग) यांच्या अस्तरावर काम करतं; टोक त्याच्या पुढे असेल तर त्याचा उपयोग नाही.
२. सिरप किंवा विरघळणारी गोळी मिळते का, हे फार्मसीत विचारा. नसेल तरच साधी गोळी बारीक कुटा.
३. फीड थांबवा, १५ ते ३० मिली पाणी सोडा.
४. प्रत्येक औषध वेगळं द्या, दोन औषधांच्या मधे थोडं पाणी. सगळी पूड एकत्र कालवू नका आणि फीडच्या बाटलीत तर मुळीच टाकू नका. ट्यूब चोंदते, आणि फीड अर्धवट बंद झालं तर डोस किती गेला ते कळत नाही.
५. शेवटी पुन्हा १५ ते ३० मिली पाणी. हे पाणी इनटेकमध्ये लिहा.

फेनिटॉइन हे झटक्यांवरचं (फिट्सचं) औषध मात्र या यादीतही वेगळं ठेवावं लागतं. फीडबरोबर दिलं की त्याचं शोषण खूप घटतं आणि दोन दिवसांनी रुग्णाला पुन्हा झटके येतात. म्हणून डोसच्या आधी आणि नंतर एक ते दोन तास फीड बंद ठेवतात. फेनिटॉइनची बाटली प्रत्येक वेळी चांगली हलवा. औषध तळाशी बसतं, त्यामुळे न हलवता दिलं तर सुरुवातीचे डोस पातळ जातात आणि शेवटचे जड.

सुई आणि सलाईन

शिरेतून दिलेलं औषध शंभर टक्के रक्तात जातं. म्हणूनच चूक झाली तर मागे घ्यायला वाव नसतो, आणि म्हणूनच वेग हा डोसइतकाच महत्त्वाचा असतो. फेनिटॉइन प्रौढांत मिनिटाला ५० मिग्रॅपेक्षा वेगाने जाऊ नये. वृद्ध आणि हृदयरुग्णांत त्याहून हळू. १,००० मिग्रॅचा लोडिंग डोस (सुरुवातीचा मोठा डोस) म्हणजे ५० मिग्रॅ प्रति मिलीच्या अॅम्प्युलमधलं २० मिली औषध. ते १०० मिली नॉर्मल सलाईनमध्ये घालून कमीत कमी २० मिनिटं, शक्यतो अर्धा तास सोडायचं. मॉनिटर लावलेला हवा. डेक्स्ट्रोजमध्ये फेनिटॉइनचे स्फटिक पडतात, त्यामुळे आधीची डीएनएस (डेक्स्ट्रोज असलेलं सलाईन) चालू असलेली लाइन सलाईनने धुऊन घ्या.

व्हँकोमायसिन १ ग्रॅम किमान ६० मिनिटांत. घाई केली की चेहरा, मान आणि छाती लाल होते, खाज सुटते, रक्तदाबही उतरू शकतो. बहुतेक वेळा ही वेगामुळे सुटलेल्या हिस्टामिनची करामत असते. इन्फ्युजन थांबवा, डॉक्टरांना कळवा, आणि पुढे त्यांच्या सूचनेने हळू वेगाने द्या.

अँटिबायोटिक १०० मिली सलाईनमध्ये लावलं आणि बाटली रिकामी झाली की सेट काढून टाकायचा, ही सवय अनेक ठिकाणी आहे. सेटच्या नळीत सुमारे १५ ते २० मिली द्रव उरतो. म्हणजे १ ग्रॅमपैकी दीडशे-दोनशे मिलीग्रॅम औषध पिवळ्या किंवा लाल बादलीत गेलं, आणि तेही दर डोसला. बाटली संपल्यावर त्याच वेगाने २० ते ३० मिली सलाईन सोडा. लहान मुलांत द्रवाची मर्यादा असते, तिथे सिरिंज पंप आणि बारीक नळी वापरून हा प्रश्न सोडवतात.

स्नायूत किंवा त्वचेखाली दिलेलं औषध तिथल्या रक्तपुरवठ्यावर अवलंबून असतं. शॉकमधल्या रुग्णाचे हातपाय थंड आहेत, तिथे स्नायूत दिलेलं वेदनाशामक तसंच पडून राहतं. गुण येत नाही म्हणून दुसरा डोस दिला जातो. मग रक्तदाब सुधारला की दोन्ही डोस एकदम रक्तात येतात आणि श्वास मंदावतो. अॅनाफिलॅक्सिसमध्ये (जीवघेण्या अॅलर्जीत) अॅड्रिनॅलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत देतात, कारण तिथे शोषण जलद होतं. प्रौढांना १:१,००० चं ०.५ मिली. त्वचेखाली दिलं तर तिथल्या शिरा आवळतात आणि औषध रेंगाळतं.

इन्सुलिन पोटावर सर्वांत लवकर शोषलं जातं, मांडीवर हळू. एकाच जागी रोज टोचून गाठ झाली असेल तर तिथून शोषण कधी कमी, कधी जास्त होतं. टोचण्याआधी बोटांनी चाचपून पाहा आणि गाठ सोडून द्या. कुपीवर ४० आययू आहे की १०० आययू, आणि सिरिंज तिच्याशी जुळते का, हे दर वेळी पाहायचं.

रक्तात गेल्यावर

बरीच औषधं रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटून फिरतात. चिकटलेला भाग म्हणजे एसटीत बसलेले प्रवासी. काम करतो तो उतरलेला, म्हणजे मोकळा भाग. फेनिटॉइन सुमारे ९० टक्के चिकटलेलं असतं. अल्ब्युमिन घटलं की मोकळा भाग वाढतो, पण लॅबचा नेहमीचा रिपोर्ट एकूण पातळी दाखवतो. उदाहरण पाहा. रिपोर्टमध्ये फेनिटॉइन ८, अल्ब्युमिन २. अपेक्षित पातळी १० ते २०, म्हणजे वरवर पाहता डोस कमी पडतोय. आता अल्ब्युमिनला ०.२ ने गुणा आणि ०.१ मिळवा: ०.५. आठला ०.५ ने भागा: १६. रुग्ण योग्य पातळीतच आहे. हे गणित अंदाजाचं आहे, पण ते माहीत असलं की रिपोर्ट फोनवर सांगताना अल्ब्युमिनही सांगायला हवं हे लक्षात राहतं. डोस वाढवल्यावर रुग्णाचे डोळे आडवे लुकलुकू लागले, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलणं जड झालं, तर पुढचा डोस थांबवून कळवा. फेनिटॉइन मोडणारं एन्झाइम ठरावीक मर्यादेनंतर भरून जातं, आणि मग थोडासा वाढवलेला डोसही पातळी खूप वर नेतो.

काही औषधं पाण्यात राहतात, काही चरबीत. जेंटामायसिन, अमिकासिन पाण्यात राहतात. अंगावर सूज असेल तर पातळ होतात. डायझेपाम चरबीत जाऊन बसतं. वयाबरोबर शरीरात चरबीचं प्रमाण वाढतं, त्यामुळे सत्तरीच्या आजींना रात्री दिलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुपारीही उतरलेली नसते. बाथरूमला जाताना त्यांना एकटं सोडू नका.

यकृत

यकृतातली एन्झाइम्स औषध मोडतात, आणि काही औषधं या एन्झाइम्सचाच वेग बदलतात. आपल्याकडे सगळ्यात जास्त भेटणारं उदाहरण रिफाम्पिसिन. टीबीचे उपचार सुरू झाले की एक-दोन आठवड्यांत एन्झाइम्स वाढतात आणि वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध), गर्भनिरोधक गोळ्या, फेनिटॉइन, सगळं झपाट्याने मोडू लागतं. गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्या बाईला हे पहिल्याच दिवशी सांगा आणि दुसरं साधन सुचवायला डॉक्टरांकडे पाठवा. लघवी केशरी होईल, तेही तेव्हाच सांगा, नाहीतर घाबरून ती गोळ्या बंद करते. उपचार संपल्यावर उलटं घडतं: एन्झाइम्स पूर्वपदावर येतात आणि वाढवून ठेवलेला वॉरफरिनचा डोस आता जास्त होतो. मेट्रोनिडाझोल किंवा फ्लुकोनाझोल नव्याने सुरू झालं तरी वॉरफरिनच्या रुग्णाचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) चढतो, म्हणजे रक्तस्रावाचा धोका वाढतो. हिरड्या, लघवी, शौच आणि सुई टोचलेल्या जागा पाहत राहा.

विडी-सिगारेटचा धूरही थिओफिलिन हे दम्याचं औषध मोडणारी एन्झाइम्स वाढवतो. दम्याचे काका अॅडमिट झाले, विडी सुटली, आणि त्याच डोसवर छाती धडधडू लागली, मळमळ सुरू झाली, तर हे कारण मनात असू द्या. भरती करतानाच्या हिस्टरीत विडीची नोंद म्हणून हवी.

पॅरासिटामॉल बहुतांशी निरुपद्रवी रूपात मोडतं. थोडा भाग विषारी पदार्थात बदलतो आणि यकृतातलं ग्लुटाथायॉन तो निष्प्रभ करतं. साठा संपला की यकृताच्या पेशी मरतात. प्रौढांत २४ तासांत ४ ग्रॅम ही वरची मर्यादा. वजन कमी, दारूचं व्यसन किंवा उपासमार असेल तर त्याहून कमी. इन्फ्युजन, गोळी आणि एसओएसची (गरज पडली तरच द्यायची) कॉम्बिनेशन गोळी, तिन्हींतलं पॅरासिटामॉल एकत्र मोजा.

नवजात बाळाचं यकृत आणि मूत्रपिंड दोन्ही अपुरी तयार असतात. तिथे डोस कमी आणि दोन डोसमधलं अंतर जास्त असतं. मोठ्यांच्या डोसचा अंदाजाने चतकोर करून कधीही देऊ नका.

मूत्रपिंड, आणि युरिन बॅग का पाहायची

क्रिएटिनिन हा स्नायूंतून तयार होऊन लघवीतून जाणारा पदार्थ; त्याच्या रक्तातल्या पातळीवरून मूत्रपिंडाचं काम जोखतात. पण वृद्धांत क्रिएटिनिन फसवतं. ७८ वर्षांच्या, ४२ किलोच्या आजी, क्रिएटिनिन १.०, रिपोर्ट नॉर्मल. मूत्रपिंड मिनिटाला किती मिली रक्त साफ करतात याचा अंदाज देणारं कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचं सूत्र लावा: १४० मधून वय वजा केलं, ६२. त्याला वजनाने गुणलं, २,६०४. क्रिएटिनिन गुणिले ७२ ने भागलं, सुमारे ३६. स्त्री म्हणून ०.८५ ने गुणलं, सुमारे ३१ मिली प्रति मिनिट. तरुण माणसात हा आकडा शंभरच्या आसपास असतो. आजींचे स्नायूच कमी, त्यामुळे क्रिएटिनिन तयारच कमी होतं. अमिकासिन, डिगॉक्सिन, मेटफॉर्मिन यांच्या बाबतीत हा फरक मोठा आहे. या सूत्राला वजन लागतं, म्हणून भरती करताना वजन विचारून लिहू नका, काट्यावर करा.

मॅग्नेशियम सल्फेट हे या प्रकरणातलं सगळ्यात शिकवणारं औषध. ते शरीरात मोडलंच जात नाही, जवळजवळ सगळं लघवीतून जातं. एक्लॅम्पसियात (गरोदरपणात रक्तदाब वाढून येणाऱ्या झटक्यांत) प्रिचर्ड पद्धतीने लोडिंग डोस असा: ५० टक्क्यांच्या अॅम्प्युलमधून ४ ग्रॅम, म्हणजे ८ मिली; त्यात १२ मिली सलाईन घालून २० मिली करायचं आणि शिरेतून हळू द्यायचं. शिवाय दोन्ही नितंबांत खोल स्नायूत ५-५ ग्रॅम. मग दर ४ तासांनी आळीपाळीने एका बाजूला ५ ग्रॅम. पण दर ४ तासांच्या प्रत्येक डोसआधी तीन गोष्टी पाहायच्या: गुडघ्याचा झटका (हातोडीने टोकल्यावर पाय उडणं) आहे, श्वास मिनिटाला किमान १६ आहे, आणि गेल्या चार तासांत लघवी ताशी ३० मिलीपेक्षा कमी नाही. एकही कमी पडली तर डोस थांबवून डॉक्टरांना बोलवा. लघवी आटली म्हणजे बाहेरचं दार बंद झालं. गुडघ्याचा झटका श्वासाच्या आधी जातो, म्हणून तो पाहायचा. कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, १० मिली, सिरिंजसह बेडशेजारी तयार हवं.

इथे विद्यार्थी नेहमी गोंधळतात: लघवी कमी असेल तर लोडिंग डोसही कमी का करत नाहीत? कारण पहिला डोस औषध किती जागेत पसरणार यावर ठरतो, आणि पुढचे डोस ते किती वेगाने बाहेर पडतं यावर. मूत्रपिंड बिघडलं तरी पसरायची जागा बहुधा तीच राहते. त्यामुळे अँटिबायोटिकचा पहिला डोस पूर्ण आणि नंतरचे अंतराने, अशी ऑर्डर दिसली तर ती चूक नाही. डिगॉक्सिन मात्र अपवाद. त्यात लोडिंगही कमी करतात.

मॉर्फिन यकृतात मोडतं, पण त्यातून तयार होणारा एक परिणामकारक पदार्थ मूत्रपिंडातून जातो. किडनीच्या रुग्णात तो साचतो आणि दुसऱ्या दिवशी गुंगी वाढते. नॅलॉक्सोन दिल्यावर रुग्ण जागा झाला म्हणून निर्धास्त होऊ नका. त्याचा परिणाम तासाभरात ओसरतो, मॉर्फिनचा राहतो. इन्सुलिनही मूत्रपिंडात मोडतं, म्हणून किडनी बिघडत गेली की जुन्याच डोसवर साखर उतरू लागते. डायलिसिसच्या दिवशी व्हँकोमायसिन आणि अमिकासिन कधी द्यायचं, हे सकाळीच विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी डायलिसिसनंतर देतात.

हाफ लाइफ आणि रक्ताचा नमुना

रक्तातली पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ म्हणजे हाफ लाइफ. सारखे डोस देत राहिलं तर एका हाफ लाइफनंतर स्थिर पातळीच्या ५० टक्के, दोननंतर ७५, तीननंतर ८७.५, चारनंतर सुमारे ९४, पाचनंतर ९७. थांबवल्यावर उतरतंही याच चालीने. पॅरासिटामॉलचं हाफ लाइफ दोन-तीन तास, म्हणून दिवसातून तीन-चारदा. डिगॉक्सिनचं ३६ ते ४८ तास, तेही मूत्रपिंड ठीक असताना. म्हणजे डोस बदलल्यावर खरा परिणाम आठवड्याने दिसणार. त्याचा डोस चुकला आणि उशिरा लक्षात आलं, तर दोन डोस एकदम देऊ नका.

नमुना कधी घेतला यावर रिपोर्टचा अर्थ ठरतो. अमिकासिन किंवा व्हँकोमायसिनची ट्रफ (दोन डोसमधली सर्वांत कमी) पातळी पुढच्या डोसच्या अगदी आधी, अर्ध्या तासाच्या आत. डिगॉक्सिनचा नमुना डोसनंतर किमान सहा तासांनी; त्याआधी औषध रक्तातून स्नायूंत पोहोचलेलंच नसतं आणि रिपोर्ट खोटा जास्त येतो. ज्या लाइनमधून औषध गेलं त्याच लाइनमधून रक्त काढू नका, दुसऱ्या हातातून घ्या. फॉर्मवर शेवटचा डोस प्रत्यक्ष कधी सुरू झाला, कधी संपला आणि रक्त कधी काढलं, या तिन्ही वेळा लिहा. आठचा डोस साडेनऊला गेला असेल तर साडेनऊ लिहा, आणि त्या रुग्णाचा पुढचा नमुनाही त्याच हिशेबाने पुढे ढकलायला डॉक्टरांना सांगा.